फासे जुगाराचे आणि फासे हिशेबाचे
क्वांटम विश्वाच्या जमाखर्चात यादृच्छिक नमुन्यांचे स्थान

धान्याच्या बाजारात शंभर पोत्यांचा सौदा होतो तेव्हा शंभर पोती कोणी रिकामी करून पाहत नाही. पोकळ लोखंडी सळई पोत्यात खुपसायची, बाहेर आलेले मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, ओल, खडा आणि कीड पाहायची व भाव सांगायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीचेच हे बाजारी रूप. मात्र जाणता व्यापारी विकणाऱ्याने पुढे मांडून ठेवलेल्या पोत्यांवर समाधान मानत नाही. थप्पीच्या मधले एखादे, तळातले एखादे, कोपऱ्यातले एखादे असे पोते तो स्वतः निवडतो आणि आपण कोणते निवडू याचा अंदाज समोरच्याला येऊ देत नाही. नमुना लहान असला तरी चालेल, पण त्याच्या निवडीत पक्षपात नसावा, एवढे शहाणपण या सवयीत सामावलेले आहे.

हेच शहाणपण गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत विज्ञानाच्या फार मोठ्या कामी आले. अणूंच्या, प्रकाशकणांच्या आणि आज ज्यांची सर्वत्र चर्चा आहे त्या क्वांटम संगणकांच्या वर्तनाचा हिशेब मांडण्यासाठी शास्त्रज्ञ संगणकाकडून हजारो, लाखो वेळा फासे टाकवून घेतात आणि निघालेल्या उत्तरांची सरासरी काढतात. या पद्धतीचे नाव ‘माँटे कार्लो’. युरोपातील मोनॅको या चिमुकल्या राज्यातील जुगारघरासाठी प्रसिद्ध असलेल्या भागावरून ते पडले. सप्तव्यसनांत द्यूताची गणना करून त्यापासून दूर राहण्याची शिकवण ज्या घरांत बालपणापासून दिली जाते, तेथे हे नाव ऐकून कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. परंतु फासा तोच राहून त्याचा उपयोग कसा पालटला, हे समजून घेण्यासारखे आहे. जमाखर्च जाणणाऱ्या माणसाला त्यात ओळखीचे पुष्कळ सापडते.

आजारपणातील पत्त्यांचा डाव

स्टॅनिस्लॉ उलाम हे मूळचे पोलिश आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले गणितज्ञ. १९४६ मध्ये एका गंभीर आजारातून उठत असताना वेळ घालविण्यासाठी ते एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत बसत. पिसलेल्या पत्त्यांतून डाव सुटण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. गणिताने उत्तर काढू गेल्यास शक्यतांचे जंजाळ एवढे वाढे की हाती काही लागेना. तेव्हा त्यांना सुचले, की शंभर वेळा डाव मांडावा आणि त्यांपैकी किती सुटले ते सरळ मोजावे.

हा साधा विचार त्यांनी थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्याजवळ बोलून दाखविला. अणुकेंद्रापासून सुटलेला न्यूट्रॉन पदार्थातून जाताना कोठे आदळेल, कोठे शोषला जाईल, याचे गणित त्या काळी अत्यंत अवघड होऊन बसले होते. एकेका न्यूट्रॉनचा प्रवास फासे टाकून ठरवायचा आणि अशा अनेक प्रवासांची सरासरी घ्यायची, हा मार्ग नव्याने आलेल्या विद्युत संगणकामुळे शक्य झाला. उलाम यांचे एक चुलते जुगारासाठी नातलगांकडून उसने पैसे घेत, त्या आठवणीतून पद्धतीला माँटे कार्लो हे नाव मिळाले. १९४९ मध्ये निकोलस मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी याच नावाचा निबंध प्रसिद्ध केला.

जुगारी आपले धन एका फेकीवर लावतो. येथे एकेक फेक म्हणजे वहीतील एकेक नोंद असते. कोणत्याही एका नोंदीवर काहीही अवलंबून नसते. सर्व नोंदींच्या बेरजेवर मात्र सारे अवलंबून असते.

बंद तिजोरी आणि उघडे दुकान

क्वांटम भौतिकीचे मूळ समीकरण १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी मांडले. बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या अणूचे वर्तन ते चोख सांगते. असा अणू बंद तिजोरीसारखा. आज आत काय आहे ते ठाऊक असेल, तर उद्याची शिल्लकही नेमकी सांगता येते.

प्रत्यक्षात कोणताही अणू असा एकटा नसतो. भोवतालच्या प्रकाशाशी, उष्णतेशी, शेजारच्या कणांशी त्याची सतत देवघेव चालू असते. अशा प्रणालीला शास्त्रज्ञ ‘खुली क्वांटम प्रणाली’ म्हणतात. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरील दुकानाची दिवाळीतील स्थिती डोळ्यांपुढे आणावी. गिऱ्हाईक येते, जाते. कोणी रोखीने घेतो, कोणी परत करतो, कोणी नुसतेच विचारून निघून जातो. दुकानाचा हिशेब मांडायचा तर रस्त्यावरच्या गर्दीचा विचार सोडता येत नाही आणि गर्दीतील प्रत्येक माणसाची चरित्रकथा लिहिणेही शक्य नसते.

ही देवघेव अणूच्या दृष्टीने मोठी हानी करणारी असते. क्वांटम जगात एक कण एकाच वेळी दोन स्थितींच्या मिश्रणात राहू शकतो. क्वांटम संगणकाची सारी शक्ती या मिश्रणावर उभी आहे. परंतु भोवतालच्या जगाचा स्पर्श झाला की ते मिश्रण विरून जाते आणि संगणकाची चूक होते. ही गळती किती वेगाने होईल, कोणत्या मांडणीत कमी होईल, हे यंत्र बांधण्यापूर्वी कळले तर श्रम आणि पैसा वाचतो. खुल्या प्रणालींच्या गणिताला आज जे महत्त्व आले आहे, त्याचे हे मुख्य कारण आहे.

या गणिताचे पायाभूत समीकरण १९७६ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध झाले. एक सिद्धता स्वीडनचे योरान लिंडब्लाड यांची होती. दुसरी व्हित्तोरिओ गोरिनी, आंद्झेय कोसाकोव्स्की आणि भारतीय शास्त्रज्ञ ई. सी. जी. सुदर्शन यांची. सुदर्शन हे मूळचे केरळचे. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधनाची सुरुवात केली होती. भोवतालच्या गर्दीला मागच्या देवघेवीचे स्मरण राहत नाही, एवढे गृहीत धरले, तर प्रणालीची स्थिती क्षणाक्षणाला कशी बदलेल, हे त्यांचे समीकरण सांगते.

हिशेबाचा डोंगर

समीकरण मिळाले म्हणजे उत्तर मिळाले, असे नाही. खुल्या प्रणालीची स्थिती लिहिण्यासाठी ‘घनता मॅट्रिक्स’ नावाचा आकड्यांचा चौकोनी तक्ता लागतो. त्याची कल्पना व्यापारी वाचकाला सहज येईल. एका बाजारपेठेत १,०२४ दुकाने आहेत असे समजू. प्रत्येक दुकानाची केवळ शिल्लक लिहायची तर १,०२४ नोंदी पुरतात. परंतु प्रत्येक दुकानाचे प्रत्येक दुकानाशी असलेले नातेही लिहायचे ठरविले, तर १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १०,४८,५७६ नोंदी लागतील. बंद प्रणालीला पहिल्या प्रकारची यादी पुरते. खुल्या प्रणालीला दुसऱ्या प्रकारचा तक्ता लागतो.

हे १,०२४ आकडे केवळ दहा ‘क्युबिट’ असलेल्या यंत्राचे आहेत. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा सर्वांत लहान घटक. एक क्युबिट वाढला की स्थितींची संख्या दुप्पट होते. जैन गणिताच्या अभ्यासकांना येथे एक जुना शब्द आठवेल. षट्‌खंडागमावरील ‘धवला’ टीकेत आचार्य वीरसेन यांनी ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा वापरली आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती गणती म्हणजे तिचे अर्धच्छेद. १,०२४ चे अर्धच्छेद दहा. क्युबिटांची संख्या म्हणजे यंत्राच्या एकूण स्थितिसंख्येचे अर्धच्छेद होत. नवव्या शतकातील हा ग्रंथ ताडपत्रांवरून मुद्रणात आणण्याचे कार्य १९३९ मध्ये प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली विदर्भातील अमरावती येथून सुरू झाले, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे.

आता वीस क्युबिटांचा विचार करू. साधी यादी १०,४८,५७६ आकड्यांची होईल. संगणकाच्या स्मृतीत तिला सुमारे १६ मेगाबाइट जागा लागते. घरातील कोणत्याही लॅपटॉपला ती जड नाही. परंतु नात्यांचा पूर्ण तक्ता एक लाख नऊ हजार कोटींहून अधिक आकड्यांचा होतो आणि त्यासाठी सुमारे १६ टेराबाइट जागा हवी, म्हणजे १६ गिगाबाइट स्मृतीचे हजारभर लॅपटॉप. वीसच क्युबिटांत ही अवस्था. डोंगराएवढी ही वही लिहिण्याऐवजी दुसरा मार्ग शोधणे भाग होते.

एकेक वाटचाल

तो मार्ग १९९२ च्या सुमारास सापडला. फ्रान्सचे झां दालिबार व इव्हाँ कास्तँ आणि डेन्मार्कचे क्लाउस म्योल्मर यांनी एक पद्धत मांडली. त्याच वर्षी पीटर झोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच त्याच सुमारास हॉवर्ड कार्मायकेल यांनी तशाच विचारांची मांडणी केली. पूर्ण तक्ता लिहायचाच नाही, हे या पद्धतीचे सूत्र. केवळ लहान यादी घ्यायची, तिची एक संभाव्य वाटचाल फासे टाकत पुढे न्यायची, मग दुसरी, मग तिसरी. अशा अनेक वाटचालींची सरासरी काढली की मोठ्या तक्त्याचे उत्तर हाती येते.

सर्वांत सोपे उदाहरण ऊर्जा घेऊन उत्तेजित झालेल्या अणूचे आहे. तो केव्हातरी प्रकाशकण बाहेर टाकून शांत होणार, हे निश्चित. केव्हा, हे अनिश्चित. काळाचे बारीक तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यात प्रकाशकण सुटण्याची शक्यता शंभरात एक आहे असे धरावे. संगणक एक ते शंभरमधील एक संख्या चिठ्ठीप्रमाणे काढतो. एक आकडा आला तर अणूने ‘उडी’ घेतली, म्हणजे प्रकाशकण सुटला. दुसरी कोणतीही संख्या आली तर पुढच्या तुकड्याकडे जायचे. ६९ तुकड्यांनंतर उडी न घेतलेल्या अणूंचे प्रमाण जवळजवळ निम्मे उरते. व्याजाने रक्कम किती वर्षांत दुप्पट होते हे काढण्यासाठी पेढ्यांवर जो बहात्तरचा नियम वापरतात, त्याच्याच कुळातले हे गणित आहे. तेथे चक्रवाढ, येथे चक्रघट.

अशा शंभर वाटचाली केल्या तर ६९ तुकड्यांनंतर पन्नासाच्या आसपास अणू शिल्लक दिसतील, पण नेमके पन्नासच दिसतील असे नाही. पाचांचा इकडेतिकडे फरक अपेक्षित असतो. दहा हजार वाटचाली केल्या तर पाच हजारांत पन्नासांचा फरक अपेक्षित असतो. म्हणजे एकूण वाटचालींच्या मानाने चूक पाच टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. अचूकता दहापट वाढवायची तर श्रम शंभरपट वाढवावे लागतात, हा नमुना पाहणीचा अटळ नियम आहे. या पद्धतीचे खरे मूल्य तेथेच मोजावे लागते.

अणू दोन स्थितींच्या मिश्रणात असेल तर विषय अधिक सूक्ष्म होतो. तेव्हा उडीची शक्यता ठरावीक राहत नाही. त्या क्षणी मिश्रणात उत्तेजित स्थितीचा वाटा किती आहे, त्यावर ती अवलंबून असते. याहून लक्षणीय बाब अशी, की उडी झाली नाही तरी अणूची स्थिती बदलते. प्रकाशकण सुटला नाही, याचाच अर्थ अणू शांत स्थितीत असण्याची शक्यता थोडी वाढली. उधारी देणाऱ्याला हे नवे नाही. महिन्यामागून महिना हप्ता चुकला नाही, तर काहीच न घडता खातेदाराची पत वाढत जाते. उपमा येथवरच चालते. पत वाढते ती देणाऱ्याच्या मनात. अणूच्या बाबतीत मात्र पुढच्या प्रत्येक प्रयोगाचे उत्तर त्या मौनाने बदललेले आढळते.

पद्धतीचा आणखी एक लाभ असा, की प्रत्येक वाटचाल दुसरीपासून स्वतंत्र असते. त्यामुळे शंभर संगणकांना काम वाटून द्यावे आणि शेवटी मुख्य कार्यालयात बेरीज करावी, तसे करता येते. अशा गणनांसाठी ‘क्युटिप’ नावाची संगणक प्रणाली कोणासही विनामूल्य उपलब्ध आहे. ठाण्यातील वा कल्याणमधील विज्ञान शाखेचा विद्यार्थी ती आपल्या घरच्या संगणकावर चालवू शकतो.

प्रयोगशाळेतील साक्ष

या उड्या केवळ कागदावरच्या आहेत की प्रत्यक्ष घडतात, हा वाद जुना होता. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये उडीची कल्पना मांडली. श्रोडिंगर यांना ती कधीच रुचली नाही. १९५२ मध्येही त्यांनी तिच्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. एकट्या अणूवर प्रयोग करणे तेव्हा शक्य नव्हते. १९८६ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगगटांनी विद्युत क्षेत्राच्या सापळ्यात एकच विद्युतभारित अणू धरून ठेवला आणि त्याचा प्रकाश अचानक विझताना व अचानक पेटताना पाहिला. उडी डोळ्यांना दिसली.

त्यानंतरच्या कथेत मुंबईचे नाव येते. २०११ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे अतिवाहक धातूच्या कृत्रिम ‘अणू’मध्ये अशा उड्यांचे निरीक्षण करण्यात आले. त्या निबंधाच्या प्रमुख लेखकांपैकी आर. विजयराघवन पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी अतिवाहक क्युबिटांची प्रयोगशाळा उभारली. ऑगस्ट २०२४ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा, टाटा संस्था आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या सहा क्युबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यातील क्युबिट कुलाब्यालाच घडविले गेले.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. आठ वर्षांसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या अभियानाचे चार केंद्रबिंदू ठरले. त्यांपैकी सूक्ष्म मापन आणि संवेदन या विषयाचे केंद्र पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आले. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचलेल्या ज्या लोहमार्गावर येथील व्यापारी पिढ्या मुंबईच्या पेठांत गेल्या, त्याच मार्गावर कांजूरमार्गला उतरले की पवई आणि अखेरच्या स्थानकावर उतरून पुढे गेले की कुलाबा. विज्ञानाची ही आघाडी येथील घरांपासून तासादोन तासांच्या अंतरावर आहे.

सुखात्मे यांचा धडा

नमुने वाढवीत गेले की चूक घटते, हे वर आले. पण सर्वच चुका अशा घटत नाहीत, आणि हा धडा एका मराठी शास्त्रज्ञाने साऱ्या देशाला दिला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातील जागतिक कीर्तीचे नाव. १९४० च्या दशकात देशातील पिकाचा अंदाज घेण्यासाठी शेतांतील यादृच्छिक तुकडे निवडून त्यांतले पीक कापून तोलण्याची पद्धत रुजत होती. तुकडे लहान घ्यावेत की मोठे, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा मतभेद झाला.

तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. सीमारेषेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने सीमा लांब. असे दहा तुकडे कापले काय किंवा दहा हजार कापले काय, फुगवटा तेवढाच राहतो. योगायोगाची चूक संख्येने धुऊन निघते; पक्षपाताची चूक निघत नाही. तराजूच्या पारड्याखाली चिकटलेला चिंचोका शंभर वेळा तोलूनही निघत नाही, तसाच हा प्रकार.

क्वांटम वाटचालींनाही हेच लागू आहे. काळाचे तुकडे पुरेसे बारीक नसतील, तर एका तुकड्यात घडू शकणाऱ्या दोन घटना एक म्हणून मोजल्या जातात आणि उत्तर एकाच दिशेने चुकते. संगणकाचे फासेही खरे फासे नसतात. तो एका ‘बीजा’पासून गणिती रीतीने संख्यांची मालिका तयार करतो. ती मालिका सदोष असेल तर सारा हिशेब सदोष होतो. उलट तेच बीज दिले की तीच मालिका पुन्हा निघते, त्यामुळे दुसरा कोणीही तोच हिशेब ताडून पाहू शकतो. लेखापरीक्षकाला याहून अधिक काय हवे?

स्याद्वाद: काय म्हटले गेले आणि काय नाही

जैन वाचकाच्या मनात या टप्प्यावर अनेकान्ताचा विचार येणारच. त्याला चांगला आधारही आहे. भारतीय सांख्यिकीचे जनक महालनोबिस यांनी १९५४ मध्ये सांख्यिकीच्या पायाभूत तत्त्वांवर लिहिताना स्याद्वादाच्या सप्तभंगीचा विस्ताराने विचार केला. १९५७ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही स्याद्वादावर स्वतंत्र निबंध लिहिला. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी बोर यांचे पूरकतेचे तत्त्व आणि स्याद्वाद यांतील साम्याकडे लक्ष वेधले.

परंतु या विद्वानांच्या लेखनाचा आधार घेऊन व्याख्यानांतून पुष्कळदा जे सांगितले जाते, ते त्यांनी म्हटलेले नाही. आजच्या अर्थाने संभाव्यतेची कल्पना स्याद्वादात होती, असा दावा आपण करीत नाही, हे महालनोबिस यांनी स्पष्ट केले होते. ‘स्यात्’ या पदाचा अर्थ ‘कदाचित’ असा नाही, हे जैन आचार्यांनी आणि पंडितांनी वारंवार बजावले आहे. ‘कथंचित्’, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, हा त्याचा अर्थ. उडी शंभरात एक वेळ होईल, हे विधान संभाव्यतेचे. घट द्रव्याच्या अपेक्षेने नित्य आणि पर्यायाच्या अपेक्षेने अनित्य, हे विधान स्याद्वादाचे. दोहोंची गल्लत केली तर दोहोंवरही अन्याय होतो.

तरीही एक साम्य खरोखर विचार करण्याजोगे आहे. भोवतालच्या जगाकडे शास्त्रज्ञ कसे पाहतो, यावर वाटचालींचे रूप अवलंबून असते. सुटणारे प्रकाशकण एकेक करून मोजले तर वाटचालीत अचानक उड्या दिसतात. त्याच प्रकाशाचे दुसऱ्या प्रकाशझोतात मिश्रण करून मापन केले, तर उड्या नाहीशा होऊन डळमळत जाणारी सलग रेषा दिसते. दोन्ही वर्णने खरी, आणि दोहोंची सरासरी एकच. नय आणि प्रमाण यांचा भेद शिकलेल्या साधकाला हे चित्र परके वाटणार नाही. यावरून आगम विज्ञानाने सिद्ध झाले असे म्हणण्याचे कारण नाही. आगमांना त्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि विज्ञान ते देतही नाही. ‘क्वांटम’ हा शब्द छापून आरोग्य, भाग्य वा भरभराट विकणाऱ्या लॉकेटांची व चकत्यांची जी दुकानदारी सध्या चालते, तिला तर या विज्ञानात तिळमात्र आधार नाही.

एका वाटचालीवरचा विश्वास

या विषयाचा व्यापारी कुटुंबांशी आणखी एक जवळचा संबंध आहे. ठाण्या-डोंबिवलीतील अनेक घरांत तरुण मुले मोबाइलवर वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करू लागली आहेत. अमक्याने एका दिवसात दुकानाच्या वर्षभराच्या नफ्याएवढे मिळविले, अशी एखादी गोष्ट ऐकून मोह सुरू होतो. ती गोष्ट खोटी असेलच असे नाही. पण ती एक वाटचाल आहे, आणि तीही थप्पीच्या पुढे मुद्दाम मांडून ठेवलेल्या पोत्यातली. ज्यांनी गमावले ते सांगायला येत नाहीत.

संपूर्ण सरासरी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. एका उडीवर अणूचा सिद्धान्त ठरविणाऱ्या शास्त्रज्ञाला कोणी शहाणा म्हणणार नाही. एका नफ्याच्या गोष्टीवर पिढ्यांची पुंजी लावणाऱ्यालाही तोच न्याय लावावा लागेल. द्यूताला व्यसन म्हणणाऱ्या आचार्यांपुढे हे आकडे नव्हते, पण निष्कर्ष तोच होता.

मुलांना हे उपदेशाने सांगण्यापेक्षा करून दाखविणे सोपे आहे. पाठशाळेतील वा घरातील वीस मुलांना प्रत्येकी एक नाणे द्यावे. छाप म्हणजे अणूने उडी घेतली, काटा म्हणजे तो अजून तसाच आहे, असे ठरवावे. पहिल्या फेरीनंतर किती उरले, दुसरीनंतर किती, तिसरीनंतर किती, ते फळ्यावर लिहावे. वीसांतून दहा, पाच, अडीच असे नेमके आकडे कधीच येणार नाहीत. पण तोच खेळ दहा वेळा खेळून बेरीज केली की दोनशेतून शंभर, पन्नास, पंचवीस यांच्या जवळ आकडे येऊ लागतील. कोणते मूल केव्हा बाद होईल, हे कोणालाच सांगता येणार नाही आणि एकूण किती उरतील, हे मात्र बरेचसे सांगता येईल. त्या मुलांपैकी एखादे पुढे कांजूरमार्गला उतरून पवईच्या प्रयोगशाळेकडे वळले, तर आनंदच आहे. दुकानाच्या गादीवर बसले, तरी एका पोत्यावरून भाव न ठरविण्याची सवय त्याच्या कामी येईल.